सावरीच्या वझराची वाट: पाऊस ओसरल्यावर रानातून धबधब्याकडे कसे जावे

गोव्यात जुनी माणसे धबधब्याला वझर म्हणतात आणि त्याच्या पायथ्याशी पाणी खोल झालेले असते त्या जागेला कोंड. सांगे तालुक्यातील नेत्रावळी अभयारण्यात सावरी नावाचा असा एक वझर आहे. रानवाटेने धबधबा कसा पाहावा हे सांगण्यासाठी मी तोच निवडला आहे. साखळीजवळचा हरवळेचा धबधबा रुद्रेश्वराच्या देवळाशेजारी पायऱ्या उतरताच समोर येतो आणि दूधसागर पाहायला बहुतेक लोक कुळेहून जीपगाडीने जातात. सावरीला मात्र शेवटचा टप्पा दाट झाडीतून पायीच जावे लागते. ही चाल टाळता येत नाही याबद्दल कोणी कुरकुर करू नये, कारण धबधब्यावरून कोसळणारे पाणी ज्या मातीत, पाल्यात आणि मुळांत आठवडेच्या आठवडे मुरलेले असते तीच जमीन या वाटेवर आपल्या पायांखालून जात असते. वाटेकडे लक्ष न देता धबधबा गाठणाऱ्याला पाणी दिसते, पण पाऊस थांबून महिना उलटला तरी ते का आटत नाही, हे उमगत नाही.

केव्हा जावे

धबधबा म्हटले की लोकांच्या मनात जुलै महिना उभा राहतो. गोव्याच्या किनारपट्टीवर वर्षाकाठी साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि सह्याद्रीला लागून असलेल्या सत्तरी-सांगे भागात तो ४,००० मिलिमीटरच्या घरात किंवा त्याहूनही पुढे जातो. यातला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. त्या दिवसांत धबधबा भव्य दिसतो हे खरे, पण तो जवळून नीट पाहता येत नाही, आवाजात दुसरे काही ऐकू येत नाही आणि व्हाळ, म्हणजे रानातला ओढा, ओलांडणे धोक्याचे असते. काही वर्षांपूर्वी ऐन आषाढात मी सत्तरीतला एक व्हाळ ओलांडून पलीकडे गेलो होतो. जाताना पाणी घोट्याइतके होते आणि आमच्या डोक्यावर ऊनही पडले होते, पण वर घाटात सर आली असावी, कारण अर्ध्या तासाने परत फिरलो तेव्हा तेच पाणी मांडीला लागू लागले. पलीकडच्या कातळावर तीन तास बसून राहण्यावाचून इलाज नव्हता. त्यानंतर भर पावसात रानातल्या धबधब्यावर जाण्याचा नाद मी सोडला.

हा केवळ माझ्या भित्रेपणाचा प्रश्न नाही. जुलै २०२३ मध्ये याच अभयारण्यातील मैनापी धबधब्यावर दोघे जण बुडून मृत्युमुखी पडले आणि त्यानंतर वनखात्याने अभयारण्यांतील धबधब्यांवर जाण्यास बंदी घातली होती. पावसाळ्यात धबधब्यांवर व खाणींच्या खंदकांत पोहण्यास मनाई करणारे आदेशही जिल्हाधिकारी काढत असतात. म्हणून माझ्या मते योग्य काळ म्हणजे चतुर्थीचे दिवस उरकल्यावर, सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. तेव्हा पाणी भरपूर असते पण गढूळ नसते, फुलपाखरे आणि चतुर पुष्कळ दिसतात, आणि व्हाळांतले बेडूक आपल्या विणीच्या धामधुमीत असतात. ऑक्टोबरातही दुपारनंतर गडगडाटी सरी येतात, तेव्हा आदल्या रात्री आणि निघण्याच्या सकाळी पणजीच्या वेधशाळेचा अंदाज पाहावा. नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर बेत रद्द करावा आणि त्याबद्दल हळहळू नये.

फाटकापर्यंत

मडगावहून नेत्रावळी सुमारे ४० किलोमीटर आहे. केपे आणि रिवण या मार्गाने आल्यास कुळागरांचा, म्हणजे माड-पोफळींच्या बागांचा, आणि जुन्या खाणींच्या लाल ढिगाऱ्यांचा असा दुहेरी परिसर दिसतो. सांग्याकडून आल्यास साळावली धरण वाटेत पाहून घेता येते. कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी परिवहन महामंडळाच्या, बसगाड्या या बाजूला मोजक्याच असल्यामुळे परतीच्या शेवटच्या बसची वेळ उतरतानाच वाहकाला विचारून ठेवावी. स्वतःचे वाहन असल्यास पेट्रोल मुख्य गावातच भरून घ्यावे.

नेत्रावळी अभयारण्य १९९९ साली जाहीर झाले आणि त्याचे क्षेत्र सुमारे २११ चौरस किलोमीटर आहे. उत्तरेला भगवान महावीर अभयारण्य, दक्षिणेला खोतीगाव आणि पूर्वेला कर्नाटकातील काळी व्याघ्र प्रकल्पाचे रान, अशी ही सलग झाडी आहे, म्हणजे आपण शिरतो ते एखादे बंदिस्त उद्यान नसून मोठ्या जंगलाचा एक भाग असतो. प्रवेशासाठी वनखात्याच्या फाटकावर शुल्क भरून पावती घ्यावी लागते. शुल्क आणि वेळा बदलत राहतात, त्यामुळे रोख पैसे आणि ओळखपत्र जवळ ठेवावे आणि सकाळी लवकर, शक्यतो नऊच्या आत तेथे पोहोचावे. फाटकावरच्या कर्मचाऱ्याशी पाच मिनिटे बोलण्यात कंजुषी करू नये. काल वर पाऊस झाला का, वाटेत कुठे झाड पडले आहे का, गवे कोणत्या बाजूला दिसले, ही माहिती कोणत्याही नकाशात नसते. वाट नवी असेल तर स्थानिक वाटाड्या घ्यावा. त्याला द्यायची रक्कम आधी ठरवावी आणि त्याने थांबा म्हटले की थांबावे.

अंगावर आणि पिशवीत काय असावे

कपडे मातकट किंवा हिरवट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे, लवकर वाळणारे असावेत. जाड जीनची विजार भिजली की पाय जड होतात आणि ती दिवसभर वाळत नाही. बुटांना खाचा असलेला तळवा हवा. चपला आणि गुळगुळीत तळव्याचे खेळाचे बूट शेवाळलेल्या दगडावर सारखेच निरुपयोगी. मोजे उंच असावेत आणि विजारीची टोके त्यांत खोचावीत, म्हणजे जळवा सहज आत शिरत नाहीत. माणशी निदान दोन लिटर पाणी, डब्यात बांधून घेतलेले जेवण, छोटा विजेरी दिवा, शिटी, पातळ दोरी, जखमेची पट्टी, एक वही आणि पेन्सिल एवढे पुरते. पेन्सिल मुद्दाम सांगतो, कारण ओल्या कागदावर शाईचे पेन चालत नाही. वेष्टनातले खाऊ घरीच सोडावेत आणि दारू व काचेच्या बाटल्या नेऊच नयेत.

झाडीत शिरल्यावर मोबाइलला संपर्क मिळण्याचा भरवसा नसतो. घरच्यांना परतीची वेळ सांगून ठेवावी, आणि ती उलटून दोन तास झाले तर फाटकावर किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे असेही सांगून ठेवावे.

पहिली पंधरा मिनिटे

वाटेला लागल्यावर लगेच चालत सुटू नये. मोकळ्या उन्हातून झाडीत आल्यावर डोळ्यांना काळोखाची आणि कानांना शांततेची सवय व्हायला वेळ लागतो. शे-दोनशे पावले गेल्यावर एका जागी पाच मिनिटे न बोलता उभे राहावे. आधी फक्त रातकिड्यांची करकर ऐकू येते, मग तिच्यामागचे एकेक आवाज सुटे होऊ लागतात. उंचावर फांद्या हलल्या आणि खडखडाटी, तुटक हाक आली तर ती बहुधा शेकरूची असते. पंखांचा भात्यासारखा सूंऽसूं आवाज डोक्यावरून गेला तर तो धनेश. कोतवालाच्या कुळातला भृंगराज इतर पक्ष्यांच्या नकला करतो, त्यामुळे एकाच झाडावरून चार पक्षी बोलल्यासारखे वाटले तर फसू नये. लहान मुले बरोबर असतील तर कोणी किती आवाज मोजले हा खेळ त्यांना लगेच जमतो. मोठ्यांना थोडा वेळ लागतो.

चालताना दहा पावलांवर जमीन पाहावी, मग थांबून वर पाहावे. एकाच वेळी दोन्ही करू जाणारा माणूस ठेचकाळतो.

माटोळीतले रान

गोव्यातल्या घरात वाढलेल्या माणसाला या झाडीतल्या कितीतरी गोष्टी आधीच माहीत असतात. फक्त त्या त्याने झाडावर पाहिलेल्या नसतात. चतुर्थीला गणपतीवर जी माटोळी बांधली जाते तिच्यात रानातली हंगामी फळे, शेंगा आणि फुले असतात. नारिंगी रंगाच्या कांगल्यांचे घोस, लालबुंद कवंडळ, घागऱ्यांच्या खुळखुळणाऱ्या शेंगा, कुड्याच्या जोडशेंगा, नागुलकुड्याची फळे आणि माट्टीची पंखांची फळे यांची ओळख आपल्याला आजी-आजोबांनी घरीच करून दिलेली असते. या वाटेवर त्यांचे घर शोधावे. कवंडळ ही वेल आहे आणि ती दुसऱ्या झाडाच्या आधाराने वर चढते, कुडा मोकळ्या उन्हाच्या कडेला वाढतो, तर नागुलकुडा झाडीच्या सावलीतही तग धरतो, हे माटोळीखाली उभे राहून कधीच कळत नाही. अभयारण्यात मात्र यातले काहीही तोडू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते मना आहे. माटोळीसाठी रान गोळा करणारे लोक गावाच्या सभोवारच्या जमिनीतून ते आणतात.

माट्टी, म्हणजे देशावरच्या मराठीतला ऐन, हे गोव्याचे राज्यवृक्ष म्हणून मानाचे झाड आहे. मगरीच्या पाठीसारख्या चौकोनी भेगा पडलेली साल हीच त्याची खूण. काही जुन्या माट्टींच्या बुंध्यावर फुगवटा आलेला असतो आणि त्यात पाणी साठलेले असते; झाडाने पाणी राखून ठेवल्याचा इतका उघड पुरावा रानात दुसरा क्वचितच मिळतो. त्याच्या शेजारी फिकट, गुळगुळीत सालीचा नाणा उभा असला तर दोघांवर हात फिरवून पाहावा. तिरफळाच्या खोडावर जाड काटेरी गुठळ्या असतात. बांगड्याच्या कालवणात घातलेले ते दाणे याच झाडाचे, हे कळल्यावर माझ्याबरोबर आलेल्या एका मुलाने त्या झाडाला नमस्कारच केला होता. भेरली माडाच्या माशाच्या शेपटीसारख्या पानांवरून तो दुरूनही ओळखता येतो. एखाद्या जाड वेलीवर हातभर लांबीची लाकडासारखी शेंग लोंबत असेल तर ती गारंबी.

पानांना पाने शिवून केलेले चेंडूएवढे घरटे दिसले तर ते ओंबिल मुंग्यांचे, ज्यांना आपण हुमले म्हणतो. त्या फांदीखाली जेवायला बसण्याची चूक लोक एकदाच करतात. झाडाच्या फांदीवर मातकट, कागदी लगद्यासारखा गोळा दिसला तर तो दुसऱ्या जातीच्या मुंग्यांचा असतो. तांबूस सुतार पक्षी त्यातच भोक पाडून आपली अंडी घालतो, आणि त्या मुंग्याच त्याचे मुख्य खाद्यही असतात.

पायांखाली

एक जागा निवडून खाली बसावे आणि पानांचा थर हाताने नव्हे, काटकीने हलकेच उचकटावा, कारण पाल्यात विंचू किंवा साप असू शकतो. वरची पाने कोरडी, त्याखालची ओलसर आणि बुरशीच्या पांढऱ्या धाग्यांनी जोडलेली, त्याखाली पाने की माती हे सांगता येऊ नये असा काळा चुरा, असे थर दिसतात. पावसाचे टपोरे थेंब आधी शेंड्यांवर आणि मग या पाल्यावर आदळतात, त्यामुळे मातीवर त्यांचा मार बसत नाही आणि पाणी वाहून जाण्याऐवजी हळूहळू मुरते. मग ते मुळांच्या वाटांनी आणि खडकाच्या फटींतून झिरपत व्हाळाला मिळते. उघड्या डोंगरावरचा व्हाळ पाऊस थांबताच लाल होऊन धावतो आणि लवकर आटतो. रानातला व्हाळ उशिरा चढतो, उशिरा उतरतो. वाटेच्या कडेच्या मातीला कुठे पाझर फुटला आहे, कुठे दगड सतत ओला आहे, हे पाहत गेल्यास धबधब्याचे पाणी वाटेतच गोळा होताना दिसते. पुढे नेत्रावळी नदीतून ते जुवारीच्या पाण्यात जाते.

उचकटलेला पाला होता तसा परत ठेवावा. याच ओल्या मातीत देवगांडूळ राहते. दिसायला गांडुळासारखा, पण बेडकाच्या नात्यातला हा पाय नसलेला उभयचर आहे आणि त्याच्या एका जातीच्या शास्त्रीय नावातच गोव्याचे नाव आहे.

जळव लागली तर उपटू नये. नखाची कड त्वचेला टेकवून तिचे अरुंद टोक आधी सरकवावे, मग जाड टोक, ती सुटते. रक्त काही वेळ वाहत राहते, कारण तिच्या लाळेतले द्रव्य रक्त गोठू देत नाही. जखम धुऊन पट्टी लावली की काम झाले. मीठ आणि तंबाखू टाकण्याची रीत जुनी असली तरी त्या वस्तू व्हाळाकाठी सांडणे बेडकांच्या अंगाला बाधते.

व्हाळ ओलांडताना

ओलांडायची जागा व्हाळ सर्वांत रुंद असेल तिथे शोधावी, कारण रुंद जागी पाणी उथळ असते; अरुंद जागा उडी मारायला मोह घालते आणि तिथेच पाय घसरतो. काळे, चकचकीत दगड टाळून वाळूमिश्रित तळावर पाय ठेवावा. हातात काठी घेऊन प्रवाहाच्या वरच्या बाजूला टेकवावी आणि पिशवीचे कमरेचे बंद सोडून ठेवावेत. गुडघ्याच्या वर वाहते पाणी असेल तर ओलांडू नये. पाणी अचानक गढूळ होणे, काटक्या आणि पाला वाहत येणे, आवाजाला घुमारा येणे, यातले एक जरी जाणवले तरी सामान गोळा करत न बसता लगेच उंचावर जावे.

काठावरच्या झुडपांना धरून चढण्याची सवय मोडावी. हिरव्या, तपकिरी किंवा पिवळसर अशा निरनिराळ्या रंगांचा मलबारी चापडा हा साप कमरेएवढ्या उंचीच्या फांद्यांवर तासन्‌तास न हलता बसून असतो. तो विषारी आहे, आणि आपल्याकडे मिळणारी प्रतिविषाची लस चार मुख्य सापांसाठी असल्यामुळे याच्या दंशावर तिचा भरवसा धरता येत नाही. दंश झाल्यास कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. अवयव स्थिर ठेवून माणसाला उचलून बाहेर आणावे आणि १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी. गवा समोर आला तर दगड मारू नये, फोटोसाठी पुढे जाऊ नये. थांबून, हळूहळू मागे सरून त्याला वाट द्यावी. रान त्याचे आहेच, शिवाय तो गोव्याचा राज्यप्राणीही आहे.

वझरापाशी

धबधबा दिसण्याआधी ऐकू येतो, आणि शेवटच्या उतारावर गार, ओली हवा अंगाला लागते. इथे लोक धावत सुटतात, म्हणूनच इथे सर्वाधिक घसरतात. पोहोचल्यावर आधी कोंडापासून दूर, पाण्याच्या वर असलेल्या कोरड्या कातळावर बसावे. कोंडात उतरण्याचा मोह आवरावा. वरून पडणारे पाणी तळ खोदत असते, त्यामुळे काठापासून दोन पावलांवर खोली एकदम वाढते, पडत्या पाण्याखाली हवा मिसळल्यामुळे अंग नीट तरंगत नाही, आणि भोवरा माणसाला कातळाखाली ओढू शकतो. ज्यांना उत्तम पोहता येते तेही बुडतात ते यामुळे.

बसल्यावर या आवाजात राहणारे जीव आपापले बोलणे कसे ऐकवतात, याकडे लक्ष द्यावे. निळसर काळ्या रंगाचा शीळकरी कस्तुर हा पक्षी माणसाने सहज घातल्यासारखी स्वच्छ शीळ घालतो. तिचा सूर पाण्याच्या घरघरीपेक्षा उंच असल्यामुळे ती त्यातून पार निघते. तुषार उडणाऱ्या ओल्या दगडांवर अंगठ्याच्या पेराएवढा नाचरा बेडूक बसलेला असतो. त्याने दुसराच उपाय शोधला आहे. तो ओरडतो, पण मधूनच मागचा एक पाय लांबवून, बोटे फाकवून निशाणासारखा फिरवतो, म्हणजे आवाज पोहोचला नाही तरी दुसऱ्या नराला इशारा पोहोचतो. पाऊस ओसरल्यानंतरचे दोन-तीन महिने त्याच्या विणीचे असतात. तो पाहायचा तर एकाच दगडावर दहा मिनिटे नजर लावून बसावे लागते, आणि पहिल्या फेरीत बहुतेकांना तो दिसत नाही.

उन्हाचा कवडसा पडलेल्या जागी टाचण्या, म्हणजे चतुरांचे नाजूक भाऊबंद, बसतात. त्यांतल्या एका जातीच्या नराने पंख उघडले की मागच्या पंखांचा हिरवा धातूसारखा लखलखाट होतो. ओल्या वाळूवर फुलपाखरे क्षार शोषायला जमतात, त्यांच्यावर सावली पडणार नाही असे बसावे. पांढऱ्या कागदाचा कपटा वाऱ्यावर तरंगावा तसे एक मोठे फुलपाखरू झाडीच्या कडेने जाते, ते मलबार ट्री निम्फ. ते घाई करत नाही, त्यामुळे फोटो काढणाऱ्यांना ते आवडते. धबधब्याचा फोटो काढताना पाण्याच्या रेषा मऊ दिसायला हव्या असतील तर कॅमेरा तिवईवर ठेवून शटर पाव ते एक सेकंद उघडे ठेवावे, आणि तुषार टिपायचे तर सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतके. मोबाइलवाल्यांनी भिंग वरचेवर पुसले तरी पुष्कळ.

परतीची वाट

दुपारी दोनपर्यंत वझर सोडावा. रानात अंधार बाहेरच्यापेक्षा लवकर होतो आणि सरी बहुधा दुपारनंतरच येतात. जेवणाचा उष्टा भातही मागे ठेवू नये, कारण माकडे त्यावर सवकतात. परतताना तीच वाट निराळी दिसते. प्रकाश दुसऱ्या बाजूने येतो आणि जाताना पाठीमागे राहिलेले बुंधे आता समोर येतात. बसायला बरी जागा मिळाली की वहीत तारीख, वेळ, आदल्या दिवसाचा पाऊस, पाण्याचा रंग आणि दिसलेल्या दोन-चार गोष्टी लिहाव्यात. नाव माहीत नसेल तर लांबी, रंग आणि जागा लिहावी. नाव नंतर जाणत्याला विचारता येते. दरवर्षी त्याच आठवड्यात गेल्यास तीन-चार वर्षांत ही वही फार कामाची होते.

डिसेंबरनंतर जाणाऱ्यांनी गोचिडांची काळजी घ्यावी. २०१५ साली सत्तरीत माकडतापाची साथ आली होती आणि हा रोग गोचिडांच्या चाव्याने पसरतो. मेलेले माकड दिसल्यास जवळ न जाता फाटकावर कळवावे, पाल्यावर लोळू नये, आणि घरी पोहोचताच कपडे गरम पाण्यात टाकून काखा, कमर व गुडघ्यामागचा भाग तपासावा.

फाटकावर परत आल्याचे सांगून मगच गाडीकडे वळावे. अंग वाळेपर्यंत वेळ असेल तर नेत्रावळी गावातल्या गोपीनाथाच्या देवळाची बुडबुड्यांची तळी पाहून घ्यावी. तळातून वायूचे बुडबुडे सतत वर येत असतात, आणि काठावर टाळ्या वाजवल्या की ते वाढतात असे गावातले लोक सांगतात. पायऱ्या शेवाळलेल्या असतात, म्हणून तिथेही बूट काढल्यावर जपूनच उतरावे.